शनिवारचं बीपी

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आले तेव्हा आमच्या भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. घातलं की नाही हे तिला दिसत नसे, सुनेला विचारणं कमीपणाचं वाटे, म्हणून ती खात्रीसाठी पुन्हा घाली. आम्ही मुकाट्यानं खात होतो. आमच्या घरात तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवायची पद्धत नव्हती, आणि ती पद्धत तिनंच पाडलेली होती.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. आम्ही बरकतपुऱ्यात राहत होतो, अजूनही राहतो. वडील निजामाच्या काळात परभणीकडची शेती भावांवर सोडून हैदराबादेत कारकुनीला आले होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आई, बायको आणि मी. मी शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात होतो. देशाची दारं जगाला उघडली असं तेव्हा रोज पेपरात येई. आमच्या कारखान्याचं फाटक मात्र बंद व्हायच्या बेतात होतं. स्वेच्छानिवृत्ती नावाची योजना येणार असं सगळे म्हणत होते. तिच्यात स्वेच्छा नेमकी कुणाची, ते कुणी सांगत नव्हतं.

मलकपेठेत डोळ्यांची एक डॉक्टरीण होती. तिथं ती फक्त शनिवारी बसे, बाकीचे दिवस कुठल्या कुठल्या दवाखान्यांत फिरे. तिनं आईचे डोळे बॅटरी मारून पाहिले, मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि बॅटरी खिशात ठेवली.

"अम्मा, पहले बीपी नीचे लाओ. फिर आँख को हाथ लगाती मैं."

मला बाजूला घेऊन तिनं स्पष्ट सांगितलं. उजवा डोळा पिकलाय. फार लांबवलं तर आतून सुजेल, आणि मग ऑपरेशन करूनही नजर येईलच असं नाही. एवढा दाब असताना डोळा उघडणं तिला जमणार नव्हतं. म्हणजे आईला दिसणार की नाही हे आता त्या पट्ट्यावर अवलंबून होतं.

आमचे काचीगुड्याचे डॉक्टर म्हातारे आणि कमी बोलणारे. त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, एक सकाळी जेवणानंतर, एक रात्री जेवणानंतर. मीठ कमी करा म्हणाले, आणि जमलं तर श्वासाच्या वर्गाला जा. आईनं तिन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि जाताना त्यांना विचारलं की त्यांचं वजन का उतरलंय.

श्वासाचा वर्ग आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर भरे. मराठी मंडळींचा एक हॉल आहे, त्यात लग्नं, बारशी आणि हळदीकुंकू होत. सकाळी तिथं सतरंज्या घालून बीपीवाली म्हातारी माणसं बसत. आदल्या दिवशी लग्न झालेलं असलं की हॉलला जिलबीचा वास यायचा आणि त्या दिवशी कुणाचंच लक्ष श्वासाकडं नसे.

शिकवणारे गृहस्थ तारनाक्याहून येत. रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, तेलुगू माणूस, पण मनमाडच्या बाजूला इतकी वर्षं काढली होती की मराठी सगळं समजे. बोलत मात्र आपल्या दखनीतच. सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. मालगाडी कुठल्या तरी आडस्टेशनात तासन् तास थांबते, शेवटच्या डब्यात गार्ड एकटा. तिथं बसून त्यांनी श्वास शिकला होता. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, असं ते स्वतःच सांगत.

त्यांची शिकवणी अगदी साधी. पाठ ताठ, खांदे सैल, तोंड मिटलेलं. नाकानं सावकाश घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. चक्कर आली तर थांबायचं. आणि एक नियम, जो ते रोज सांगत आणि रोज नव्यानं रागावून सांगत.

"सांस रोकना नक्को! बीपीवाले सांस रोके तो दाब ऊपर चढता. आने दो, जाने दो. रोकना नक्को."

पण आमच्या माणसांना श्वास धरल्याशिवाय प्राणायाम झाल्यासारखा वाटत नाही. मुंजीत शिकवलेलं असतं, टीव्हीवर कुणीतरी दाखवलेलं असतं. पुढच्या रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक गाल फुगवून बसत आणि लालबुंद होत. गार्डसाहेब त्यांच्यासमोर जाऊन उभे राहत आणि सोडेपर्यंत हलत नसत.

आई मात्र पहिल्याच आठवड्यात त्यांची लाडकी विद्यार्थिनी झाली. तिला समोरचं काही दिसत नसल्यामुळं तिचं लक्ष विचलित होत नसे. ती शांत बसून घेई आणि सोडी. गार्डसाहेबांकडं पाऱ्याचं बीपीयंत्र होतं. वर्ग सुटल्यावर दर बुधवारी ते सगळ्यांचा दाब पाहत. आईचा उतरत होता. ते सगळ्यांना बोलावून पारा दाखवत. ज्यांना दिसत नसे तेही "वा" म्हणत.

अशा तयारीनं आम्ही पुन्हा मलकपेठेला गेलो. डॉक्टरणीनं पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

"बीपी बहुत है. घर जाओ."

मी गार्डसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा गाडी रुळावरून उतरल्यासारखा झाला. त्यांनी आईची उलटतपासणी घेतली. घरी श्वास रोखता का? नाही. पूजेत? नाही. पट्टा आवळतो तेव्हा? आई विचार करून म्हणाली, "तेव्हा थोडा. तो आवळायलाय अन् मी सोडत बसू?" गार्डसाहेबांना कारण सापडलं. पुढचे कितीतरी दिवस ते तिच्या दंडाला रिकामा पट्टा बांधून सोडायची सवय लावत होते.

घरात बाकीची कारणं शोधणं चालू होतंच. बायकोचा संशय लोणच्यावर होता. माझा बसवर होता, म्हणून पुढच्या खेपेला रिक्षा केली. आईचा स्वतःचा संशय कुणाच्या तरी नजरेवर होता. तिच्यापरीनं तिनंही उपाय केले, पण ते तिनं कुणाला सांगितले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाहीत. तिचे उपास, तिची व्रतं हा वेगळा विभाग होता. आठवड्यातून किती दिवस ती जेवते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. फराळाचं ताट दिसे, म्हणजे चाललंय.

दुसऱ्या खेपेला दाब आणखी वर गेला होता.

तिसऱ्या खेपेला गार्डसाहेब स्वतः आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आमच्याही आधी, दवाखान्याच्या बाकावर बसलेले. आईला शेजारी बसवून त्यांनी सुरुवात केली. घ्या, सोडा. घ्या, सोडा. पलीकडं एक बुरखेवाल्या आजीबाई होत्या, त्यांनी विचारलं, ये क्या करते जी? गार्डसाहेबांनी सांगितलं. त्या घेऊ-सोडू लागल्या. मग त्यांची सून. मग हिरवी पट्टी बांधलेले एक काका. थोड्या वेळानं सबंध बाक श्वास घेत होता आणि सोडत होता, आणि कंपाऊंडर दारात उभा राहून नंबर पुकारायचं विसरला होता. मीसुद्धा करत होतो. इतकी शांतता मी सरकारी सुट्टीच्या दिवशी कारखान्यातही पाहिली नव्हती.

बुरखेवाल्या आजीबाईंचं बीपी अगदी चांगलं निघालं. त्यांना ऑपरेशनची तारीख मिळाली. काकांचंही चांगलं निघालं, त्यांचं ऑपरेशन तर होऊनही गेलं होतं. आईचं तोवरचं सगळ्यांत जास्त निघालं. डॉक्टरीण या वेळी रागावली नाही, आणि त्यानंच मला भीती वाटली. "अब ज्यादा टाइम नहीं है," एवढंच म्हणाली.

गार्डसाहेब बसस्टॉपकडं गेले. मी आईला घेऊन जवळच्या इराणी हॉटेलच्या फॅमिली खोलीत बसलो. मला फार वाईट वाटत होतं आणि वाईट वाटलं की मला भूक लागते. दोन चहा आणि उस्मानिया बिस्किटं मागवली. आईनं चहा जवळ ओढला आणि बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली.

"आज शनिवार," ती म्हणाली.

"बरं. मग चहाबरोबर गोळी तरी घे. बरोबर आणलीस ना?"

"ती जेवल्यावरची आहे."

"सकाळी घेतली नाहीस?"

"सकाळी जेवले कुठं?"

"साबुदाणा खाल्लास की! माझ्यासमोर खाल्लास."

"ते फराळ झालं," आई म्हणाली. "डॉक्टरांनी जेवणानंतर सांगितलंय. फराळानंतर नाही सांगितलं."

मी विचारत गेलो, ती सांगत गेली. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. शनिवार तिचा जुना नव्हता, वर्षभरातलाच. पहिल्या खेपेला ऑपरेशन नाकारलं तेव्हा तिनं डोळ्यासाठी शुक्रवारही धरला. दोन्हींचा जोडउपास, रविवारी सकाळी सोडायचा. दोन दिवस जेवण नाही, म्हणून दोन दिवस गोळी नाही. बुधवारी गार्डसाहेबांचा पारा खाली असे कारण रविवारपासून ती नीट जेवत असे. शनिवारी डॉक्टरणीचा पारा वर जाई कारण तो खाली यावा म्हणून आईनं उपास धरलेला असे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचा कळसा बिचारा दर शनिवारी साबुदाण्याची खिचडी खाऊन आमच्याबरोबर रिक्षात बसत होता.

मी चार आकडे आत घेतला आणि सहा आकडे बाहेर सोडला. मग बिस्किटं संपवली.

काचीगुड्याच्या डॉक्टरांनी तिला समजावलं की फराळावरही गोळी चालते. आई म्हणाली, गोळीत काय काय असतं कुणास ठाऊक, मीठ असेल, मैदा असेल, उपासाला चालायचं नाही. डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "श्वास हे तोंडीलावणं आहे," ते म्हणाले, "गोळी ही भाकरी आहे. नुसत्या तोंडीलावण्यावर पोट भरत नाही." आईला हे पटलं. ती म्हणाली, उपासाच्या दिवशी भाकरी चालत नाहीच.

गार्डसाहेबांना कळलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. "मतलब मेरी सांस बराबर थी?" बराबर होती, मी म्हणालो. ते कितीतरी दिवसांनी हसले.

घरी येऊन मी आईला सरळ सांगितलं, शनिवार सोड. ती नाही म्हणाली. मी आवाज चढवला, मग तिनंही चढवला, आणि तिचा दाब आठवून मी माझा उतरवला.

"अगं, कशासाठी धरलायस तरी?"

"तुझ्या नोकरीसाठी," ती म्हणाली. "कारखाना बंद पडायलाय म्हणे. सुनेनं सांगितलं. तू तर सांगितलं नाहीस."

वर्षभर ती माझ्या नोकरीपायी दर शनिवारी उपाशी राहिली होती, आणि त्याचीच किंमत तिचा डोळा मोजत होता. मला रडू आलं. तिला ते दिसलं नाही, ही त्यातली एक सोय.

धरलेला उपास मध्येच टाकता येत नाही, पण घरातल्या कुणी घेतला तर चालतो, असं तिनंच थोड्या वेळानं सुचवलं. करणारा आजारी पडला की दुसरा चालवतो. नोकरी माझीच, तेव्हा शनिवार माझ्याकडं आला. डोळ्याचा शुक्रवार बायकोकडं गेला. बायको म्हणाली, माझा काय संबंध? मी म्हणालो, डोळा आला की भाजीत मीठ एकदाच पडेल. तिनं लगेच घेतला.

मी जन्मात उपास केला नव्हता. माझा उपास पाहून बायको "एकादशी आणि दुप्पट खाशी" म्हणायची, आणि पहिल्या शनिवारी तिला तसं म्हणायला जागाही होती. पण पुढं मी तो इमानदारीनं केला. कारखान्यात कॅन्टीनचे वडे समोर येत, मी शेंगदाणे खात बसे. आंघोळ, मारुतीला तेल, सगळं. आईनं सांगितलेलं एकही कलम मी चुकवलं नाही. आई शुक्रवारी जेवली, शनिवारी जेवली, सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या, सकाळी हॉलमध्ये श्वास घेतला, आणि मलकपेठेच्या डॉक्टरणीनं पट्टा सोडून पहिल्यांदाच हसून विचारलं, "अम्मा, क्या जादू करे?"

"आता माझा लेक उपास करतो," आई म्हणाली. डॉक्टरणीला मराठी येत नव्हतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आत नवीन लेन्स बसली. काळा चष्मा उतरल्यावर आईनं सबंध घर पाहिलं. कपाटावरची धूळ पाहिली, छताची जळमटं पाहिली, आणि बायकोला शुक्रवार घेतल्याचा पश्चात्ताप झाला. भाजी मात्र सुधारली.

श्वासाच्या वर्गात तिला बढती मिळाली. गार्डसाहेबांना सगळ्यांवर लक्ष ठेवता येत नसे. त्यांनी आईला उलटं, लोकांकडं तोंड करून बसवलं. कुणी श्वास धरला की तिला लांबून कळे. छाती वर जाऊन तिथंच थांबते, गळ्याची शीर ताठ होते, माणूस कुठंच बघत नाही. ती बोट दाखवून म्हणे, "तुम्ही. सोडा." मुख्याध्यापक तिला गार्डसाहेबांपेक्षा जास्त भिऊ लागले.

डाव्या डोळ्याची तारीख ठरायच्या आत कारखान्यात योजना आली. आमचा विभागच उठला. सगळ्यांनी स्वेच्छेनं सह्या केल्या, मीही केली.

संध्याकाळी आई म्हणाली, "मीच करायला पाहिजे होता. एका डोळ्यानं तुझी नोकरी खाल्ली."

मी म्हणालो, असं काही नसतं, दिल्लीत ठरतात या गोष्टी. ती म्हणाली, दिल्लीतही मारुती आहेच की. तिनं शनिवार माझ्याकडून परत घेतला. दुसरी नोकरी लागेपर्यंत डाव्या डोळ्याचं नाव काढायचं नाही, असं निक्षून सांगितलं. मी भांडलो. बायको भांडली. गार्डसाहेबांनी येऊन तिला रेल्वेच्या सगळ्या शपथा घातल्या. ती शांतपणे चार आकडे घेई आणि सहा आकडे सोडी.

मी नोकरी शोधू लागलो. पहिल्यांदा एका जुन्या मित्राकडं गेलो, तर त्यानं कालच सही केली होती. एकादशीच्या घरी शिवरात्र. बरेच महिने गेले. डॉक्टरणीनं निरोप पाठवला की डावा डोळाही आता उजव्याच्या वाटेनं चाललाय. शेवटी तारनाक्याजवळ एका कुरियरच्या ऑफिसात जागा मिळाली. मालक तिशीतला होता. "अंकल, महिन्या-महिन्यानं बघू," तो म्हणाला. "आजकाल पक्कं काही नसतं."

त्या दिवशी शुक्रवार होता. आई खाली बसून तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो आणि नोकरी लागली म्हणालो. तिचे हात थांबले.

"पक्की आहे?"

आईच्या भाषेत पक्की म्हणजे वडिलांसारखी, मरेपर्यंत आणि मेल्यावरही थोडी पेन्शन देणारी. रिक्षातून येताना मी ठरवलं होतं.

"हौ," मी म्हणालो. "पक्की."

आईनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. नीट, खालपासून वरपर्यंत, हॉलमध्ये बघते तसं.

"श्वास धरलायस तू," ती म्हणाली. "लहानपणीही खोटं बोलताना धरायचास. मधली काही वर्षं मला दिसलं नाही."

मी सूप माझ्याकडं ओढलं आणि तांदळातले खडे शोधू लागलो.

"सोड आधी," आई म्हणाली. "बीपी वाढतं त्यानं."

मी सोडला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि उद्यासाठी साबुदाणा भिजत घातला.